समोरचं पातं

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये समुद्र नाही.
पत्रा आहे, कातरी आहे, किरीटभाईंचा ट्रान्झिस्टर,
माझ्या टेबलावर तीन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम,
त्यावर मी आखते
कधी न पाहिलेल्या जहाजाच्या पंख्याची कड.

जयसिंग शितोळेचा फोन रात्री अडीचला.
दहेजच्या बाहेर नांगरलंय. चारातलं एक पातं
साखळीवर आपटून मुडपलंय,
केळीच्या पानाचा शेंडा मुडपावा तसं.
सुक्या गोदीत न्यायला पैसे नाहीत, की वेळ नाही,
की दोन्ही.
पाण्यातच करायचं.

पाण्यातच म्हणजे कसं, ते मला त्यानेच सांगितलं होतं,
लालबागेच्या तलावात पोहायला शिकलेल्या या माणसाने:
पुढच्या टाक्या भरून जहाजाला नाक खुपसायला लावायचं,
मग शेपूट उचलली जाते, पंखा वर येतो, थोडा तरी.
यंत्रखोलीत कुलूप, कुलपावर पाटी: खाली माणूस आहे.
भरती आणि ओहोटीच्या मध्ये खंबातचं आखात
जेमतेम वीस मिनिटं गप्प बसतं.
तेवढ्यात उतरायचं.
दिसत काहीच नाही.
चहात पडलेल्या बिस्किटाला
कपाचा तळ दिसतो का, असं तो विचारतो.

म्हणून मी साच्याच्या कडेला खाचा पाडते,
पन्नासाला एक, शंभराला दोन,
हातमोज्यातल्या बोटांना वाचता याव्यात अशा.

"दोनशे दहा काप," मी म्हटलं,
"आणि समोरच्याचंही दोनशे दहा."
पलीकडे नुसता वारा.
"समोरचं धड आहे गं."
"धड आहे म्हणूनच."

एवढं बोलून मी साचा कातरायला घेतला.
त्याला माहीत होतं, मलाही:
एक आखूड, तीन लांब, असा पंखा फिरला
की दांडा थरथरतो, मग बेअरिंग,
मग रात्रपाळीच्या खलाशाच्या ताटातली डाळ.

बाबांचं डावं अंग गेलं त्या वर्षी
आई त्यांना घेऊन कमाटीबागेत जायची.
तिचे पाय ठणठणीत. आधी ती अशी चालायची
की आम्ही भावंडं मागून पळायचो.
तिने चाल कापली.
साचा नव्हता, खाचा नव्हत्या, कुणी आकडा दिला नव्हता.
पिंजऱ्यांच्या वळणावर दोघं एकदमच थांबत
आणि ती म्हणे, थांबा हो, मलाच दम लागला.

पहाटेच्या बसने साचा भरूचमार्गे गेला,
कंडक्टरला वाटलं देवाची प्रभावळ.
तीन ओहोट्या लागल्या.
कापून झाल्यावर जयसिंगने कडा घासल्या,
कारण कड नीट घासली नाही
तर पातं पाण्यात गायला लागतं, एकच सूर, दिवसरात्र.
"ऐकलंयस कधी?" मी विचारलं होतं.
"ऐकलंय. झोप लागत नाही."

कापलेले तुकडे त्याने दोरीला बांधून वर काढले,
आठवड्याने टेम्पोतून शेडमध्ये आले.
एक वाकडा, शेवाळलेला, कडेला चीर.
दुसरा नुसताच पितळी, काही बिघडलेलं नाही.
किरीटभाईंनी दोन्ही काट्यावर ठेवले.
"सरखुं ज छे," ते म्हणाले, आणि भंगाराच्या वहीत
दोघांना एकच भाव लावला.

जहाज गेलं. कप्तानाचा निरोप आला:
कंप नाही, वेग अर्धा नॉट कमी.

बाबा जाऊन चार वर्षं झाली.
आई अजून तशीच चालते.
काल भाजी घेऊन येताना मी तिला हे सगळं सांगितलं,
नाक खुपसलेलं जहाज, कुलपावरची पाटी, वीस मिनिटं.
ती ऐकत होती. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली,
आणि तो पोरगा वर आल्यावर
त्याला गरम काही प्यायला देतात का?